जुन्या खुराड्यात नव्या कोंबड्या

बैल विकत घ्यावयाचा झाल्यास आपण त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, खूर उचलून पाहतो, आणि तरीही चार जाणत्यांचा सल्ला घेतल्यावाचून दावे हाती धरीत नाही. कोंबडी मात्र पाय बांधून, उलटी लोंबकळत बाजारातून आणतो व अंगणात दोरी सोडून देतो. पुढचे तिचे तिने आणि घरच्या जुन्या कोंबड्यांनी पाहून घ्यावे, अशी आपली समजूत असते. दहा-वीस कोंबड्यांच्या अंड्यांचा पैसा बहुधा घरातील स्त्रियांच्या हाती येतो आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांस व औषधपाण्यास उपयोगी पडतो. तेव्हा हा विषय क्षुल्लक समजण्याजोगा नाही.

आमच्या शेजारच्या गावी एका चांगल्या बागायतदाराने आठवड्याच्या बाजारातून चार तलंगा आणल्या. तुरा लाल, पिसे तजेलदार. दोष काढावयास जागा नव्हती. त्याच सायंकाळी त्या खुराड्यात गेल्या. सहाव्या दिवशी त्यांतील एक मलूल होऊन बसली, हिरवट पातळ हगू लागली, आणि तिची मान पिळल्यासारखी वळली. पुढील दहा दिवसांत त्याच्या अठरा जुन्या कोंबड्यांपैकी तीन उरल्या. ही मानमोडी. कुमाऊँतील राणीखेत येथे १९२७ च्या सुमारास ती आढळली, म्हणून आपल्या देशात तिला राणीखेत हेच नाव पडले. रोग अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते १५ दिवस जाऊ शकतात. बाजारात वीस गावांची कोंबडी एका जागी जमते. तेथे एखादी निरोगी दिसली, एवढ्यावरून ती निरोगी आहे असे ठरत नाही.

ह्यासाठी नव्या कोंबड्या निदान ३० दिवस वेगळ्या ठेवाव्यात. त्याच खुराड्याचा पलीकडचा कोपरा ह्या कामी चालणार नाही. मळ्यातील छपर किंवा गोठ्याची दूरची बाजू, जेथून वारा जुन्या कोंबड्यांकडे वाहत नाही, अशी जागा निवडावी. दाण्यापाण्याची भांडी स्वतंत्र असावीत. दाणा आधी जुन्यांस टाकावा, मग नव्यांस. परतताना हातपाय धुवावेत व वहाणा बदलाव्यात, कारण रोगी कोंबडीची विष्ठा वहाणेच्या तळास चिकटून सहज खुराड्यापर्यंत पोहोचते. पंखांखालची व शेपटीखालची पिसे उलटून उवा-लिखा पाहाव्यात. पायांवरील खवले उचललेले दिसल्यास ती खरूज समजून काही दिवस गोडे तेल चोळावे.

लस जुन्या व नव्या दोन्ही कोंबड्यांस हवी. पिलांस पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यांत किंवा नाकात घालतात, आणि पुढे सुमारे आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचतात. विकणारा ‘लस झालेली आहे’ असे सांगतो, पण दाखला दाखवीत नाही. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून सोय करावी. लस दिल्या दिवशीच अंगी बळ येत नाही. त्यास दोन आठवडे तरी लागतात. तसेच लस बर्फात ठेवूनच आणावी. भर उन्हात खिशात घालून आणलेली लस आणि साधे पाणी ह्यांत फारसे अंतर उरत नाही.

दुखणे उलट बाजूनेही येते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. जुन्यांपैकी एखादी श्वासाच्या जुनाट रोगातून उठलेली असते. तिला स्वतःला त्रास नसतो, पण जंतू तिच्या अंगी राहिलेला असतो, आणि तिच्या सहवासाने नवी तलंग घुरघुरू लागते. ह्यास एक उपाय आहे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जुन्यांपैकी कमी मोलाची एक कोंबडी नव्यांत नेऊन ठेवावी. काही बिघडावयाचे असल्यास ते तेवढ्यातच बिघडेल. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या ओढ्यात न टाकता दवाखान्यास कळवावे. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरकडे बर्ड फ्लूने केवढा अनर्थ केला, हे अनेकांस आठवत असेल.

महिना निर्विघ्न गेला की दुसरा प्रश्न उभा राहतो, तो मानपानाचा. नॉर्वेचे थोर्लीफ श्येल्डरुप-एब्बे ह्यांनी बालपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करून १९२२ साली जर्मन भाषेत निबंध प्रसिद्ध केला. कोणी कोणास चोच मारावी व कोणी ती मुकाट्याने सोसावी, ह्याचा कळपात क्रम ठरलेला असतो, असे त्यांनी दाखविले. नवी कोंबडी आली की प्रत्येकीशी तिचा निवाडा पहिल्यापासून व्हावा लागतो. महसुलाच्या कचेरीत फेरफाराच्या नोंदी लिहिण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे मला ह्याचे नवल वाटत नाही. वारसाचे एक नाव चढावयाचे म्हटले की सगळे भाऊबंद जागे होतात. म्हणून तेथेही हरकतीस १५ दिवसांची मुदत ठेविलेली आहे. कोंबड्यांसही तेवढी मुदत द्यावी.

पहिला आठवडा खुराड्यालगत बांबूच्या कामट्यांचा ताटवा बांधून नव्या कोंबड्या त्याआड ठेवाव्यात. एकमेकींस दिसाव्यात, चोच मात्र पोहोचू नये. मग अंधार पडल्यावर त्यांस दांडीवर बसवावे. रात्री बसविले म्हणजे सकाळी जुन्यांस नवे कोणी आलेले कळतच नाही, असे जुनी माणसे सांगतात; मला ते पटत नाही. उजाडताच त्यांस सारे कळते, म्हणून त्या वेळी घरच्या कोणी तरी तेथे हजर असावे. नवी एकटी कधीही सोडू नये. दोन-तीन असल्या म्हणजे मार वाटला जातो. लहान तलंग थोराड कोंबड्यांत घालू नये. ती अंगाने त्यांच्या बरोबरीस येईपर्यंत थांबावे. दाण्याच्या व पाण्याच्या जागा दोन-दोन कराव्यात, नाही तर एकच दांडगी कोंबडी भांडे अडवून बसते व नवी उपाशी राहते. भिंतीशी कडब्याच्या दोन-चार पेंढ्या तिरप्या उभ्या केल्या तर लपावयास आडोसा होतो. झोंबाझोंबी व पिसे उपटणे चालावयाचेच. पण रक्त दिसले की ती कोंबडी तत्काळ उचलावी. तांबडे पाहून इतर तेथेच टोचीत राहतात आणि जीव घेतात. जखम धुऊन हळद लावावी व खपली धरेपर्यंत तिला वेगळे डालावे. खुडूक कोंबडी अंड्यांवर किंवा पिलांसह असेल तर हे सारे पुढे ढकलावे.

अंड्यावरील कोंबडीचे चुनायुक्त खाद्य अंड्यावर न आलेल्या तलंगीस मानवत नाही. एकत्र झाल्यावर खाद्य साधे ठेवून शिंपल्यांचा चुरा निराळ्या भांड्यात ठेवावा; जिला हवा ती खाते.

नव्या कोंबड्या चार-पाच दिवस अंगणाबाहेर सोडू नयेत. घर ओळखीचे झालेले नसले तर संध्याकाळी त्या शेजाऱ्याच्या झाडावर चढतात, आणि कोंबडी कोणाची ह्यावरून तंटा उभा राहतो. पायात रंगीत दोरा बांधलेला बरा. ह्या दिवसांत अंडी कमी मिळतील. त्यासाठी औषधे पाजण्याचे कारण नाही. दिवेलागणीस दांडीकडे पाहावे. नव्या खाली जमिनीवर बसत असतील तर ताटवा ठेवावा. जुन्यांच्या अंगास अंग लावून बसू लागल्या की तो काढून माळ्यावर टाकण्यास हरकत नाही.