सहस्र वर्षांच्या सत्तेनंतर

इ. स. पूर्व १११ मध्ये चीनच्या हान सम्राटाच्या सैन्याने नान्युएचे राज्य जिंकले आणि तांबड्या नदीच्या खोऱ्यातील व्हिएतनामी जनता चिनी साम्राज्यात गेली. मधले खंड वगळता हा अंमल इ. स. ९३८ पर्यंत टिकला. या दीर्घ काळात दक्षिण चीनमधील कित्येक जमाती चिनी समाजात विरून गेल्या. व्हिएतनामी मात्र उरले. ते कसे उरले, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

आरंभी कारभार स्थानिक सरदारांकडेच होता. पुढे कर, कायदे आणि चिनी विवाहविधी यांचा जाच वाढला. इ. स. ४० मध्ये त्रुंग त्राक आणि त्रुंग न्ही या भगिनींनी बंड पुकारले. पासष्ट नगरे त्यांना मिळाली. तीन वर्षांत सेनापती मा युआनने ते मोडून काढले. तेथे हाती आलेले काशाचे नगारे वितळवून त्याने घोड्याची प्रतिमा ओतविली व ती सम्राटाला अर्पण केली, असे चिनी इतिहासकारानेच नोंदविले आहे. नगारा हे सरदारांच्या सत्तेचे चिन्ह होते. चिन्ह वितळले, सरदारही गेले. यापुढे अधिकारी चिनी आणि लेखणीही चिनी.

परंतु शेतातली आणि चुलीजवळची बोली वितळली नाही. चिनी शब्दांचा मोठा भरणा होऊनही व्हिएतनामी भाषेचा गाभा ऑस्ट्रोआशियाई राहिला. तिची दूरची नाती भारतात संताळीशी आणि आपल्या मेळघाटातील कोरकूशी आहेत. डोळ्याला व्हिएतनामीत 'मात' म्हणतात, संताळीत 'मेत'. डोळा, हात, आकडे यांसाठी लोकांनी परक्याचा शब्द घेतला नाही.

९३८ मध्ये न्गो क्वेनने बाख डांग नदीच्या पात्रात लोखंडी टोकांचे खुंट रोवले. भरतीत आत शिरलेले चिनी आरमार ओहोटी लागताच त्यांवर अडकले आणि परकी सत्ता संपली. नवल पुढेच आहे. १०७५ मध्ये चिनी पद्धतीच्या राजसेवा परीक्षा सुरू केल्या त्या स्वतंत्र व्हिएतनामी राजांनी, आणि चिनी अक्षरांच्याच घडणीवर स्वभाषेसाठी 'नोम' लिपी रचली गेली.

जेत्याची विद्या घेणे म्हणजे जेत्याचे होणे नव्हे. अंतर आणि डोंगर यांनी व्हिएतनामींना साह्य केले हे खरेच. परंतु बोली घरात जिवंत होती, म्हणूनच परक्या अक्षरांना तिची सेवा करावी लागली.