उद्याननगरीचा हिशेब

बंगळूरचं हिरवं नाव फुकट मिळालेलं नाही. हैदरअलीने १७६० मध्ये लालबागेची मुहूर्तमेढ रोवली. विसाव्या शतकात जर्मन वनस्पतितज्ज्ञ क्रुंबिगल यांनी, एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा अशा बेताने रस्त्यांकडेची झाडं लावली. १९८०च्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी सुमारे १५ लाख झाडांची भर घातली. वसंतात फोटोंत झळकणारा तो गुलाबी ताबेबुया मात्र मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला!

फोटोंत न येणारं बंगळूर बेळ्ळंदूर तलावापाशी भेटतं. सांडपाण्याचा पांढरा फेस वाऱ्याने उडून दुचाकीस्वारांच्या अंगावर येऊ लागला, तेव्हा रस्त्याकडेला जाळ्या बांधल्या गेल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि पुढच्याच जानेवारीत हा तलाव चक्क पेटला.

महापालिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला : २०५०पर्यंत कार्बन-तटस्थता, त्यासाठी सार्वजनिक वाहतूक आणि पायी चालण्यावर भर. पैशाचा ओघ मात्र हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या सुमारे १७ किलोमीटरच्या बोगदा-रस्त्याकडे. तोही टोलचा, मुख्यतः मोटारींसाठी. या कामात लालबागेची जागा जाणार, तिथल्या सुमारे ३०० कोटी वर्षांच्या खडकाला धक्का लागणार, या भीतीने २०२५ मध्ये लोक रस्त्यावर उतरले. अशाच रेट्यामुळे मार्च २०१७ मध्ये सरकारने शेकडो झाडांवर उठलेला पोलादी उड्डाणपूल गुंडाळला होता.