फवारणी पंपाचीं रबरी कडीं

रेडीच्या पोफळींवर पावसाळ्यांत कोळेरोग पडला म्हणजे कोंवळ्या सुपाऱ्यांचा सडा पडतो. उपाय बागाइतदारांस ठाऊकच आहे: १०० लिटर पाण्यांत १ किलो मोरचूद व १ किलो चुना घालून केलेलें बोर्डो मिश्रण. परंतु आषाढांत घटकाभर उघाड मिळावी आणि नेमका तेव्हांच पंप गळूं लागावा, असें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. दोष बहुधा एका क्षुल्लक कड्याचा असतो. आणि गळणारें औषध फवारणाऱ्या गड्याच्या पाठीवर उतरतें, तें नुकसान तर पिकाहूनही मोठें.

सर्व रबर सारखें नव्हे. नैसर्गिक रबर पाण्यास टिकतें, पण तांब्याच्या क्षारांनीं लवकर जीर्ण होतें आणि तेलकट द्रावकांत फुगतें. ईपीडीएम रबर चुन्यास उत्तम. त्यास खनिज तेलाचें वंगण मात्र लावूं नये. नायट्राइल तेलास चांगलें. आंब्यावरील तुडतुड्यांचीं कित्येक औषधें तीव्र द्रावकांत विरघळविलेलीं असतात. त्यांस व्हायटॉन अधिक टिकतें. तें महाग खरें, तथापि एकच पंप दोन्ही बागांस वापरणारानें तेथें काटकसर करूं नये, असें आमचें मत आहे.

हीं कडीं बहुधा काळींच असल्यामुळें डोळ्यांनीं ओळखूं येत नाहींत; दुकानदाराकडे जात नांवानिशीं मागावी. शंका असल्यास दोन सारखीं कडीं आणून एक तयार औषधांत, झांकणाच्या बाटलींत, अहोरात्र ठेवावें. हातमोजे घालून काढावें, धुवावें व जोडीच्या कड्यावर ठेवून पाहावें. फुगलेलें किंवा चिकट झालेलें कडें पंपांत घालूं नये.