काखेतली गाठ आणि कचरापेटीजवळची पिल्लं

लोदला आमच्याच इमारतीत एक मावशी राहतात, मूळच्या पनवेलच्या. सुक्कोथनंतर त्यांच्या काखेत लिंबाएवढी गाठ आली. अंगात बारीक ताप, जेवण सुटलेलं. कुपत खोलीमच्या डॉक्टरांनी स्तनाची तपासणी करायला सांगितली, मग गाठीत सुई घालून पेशी काढायला. "कॅन्सर" हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही, पण मनात सगळ्यांच्या तोच. मावशींनी तर बांगड्यांची वाटणीसुद्धा करून टाकली!

सुईच्या तपासणीत कॅन्सर काही दिसला नाही. मग दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी मांजर आहे?" मावशी म्हणाल्या, "नाही बाई." सोबतचा नऊ वर्षांचा नातू पटकन बोलला, "सावता, कचरापेटीजवळच्या पिल्लांना तू रोज दूध घालतेस की! एकाने तुला बोचकारलं होतं ना?" रक्त तपासलं, आणि खरंच, मांजराच्या ओरखड्याचा आजार निघाला.

१९५० साली पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ रोबेर देब्रे यांनी हा आजार जगापुढे मांडला. ते एका रब्बींचे चिरंजीव. त्याच्या जंतूची ओळख पटायला मात्र १९९२ साल उजाडलं. आज त्याला बार्टोनेला हेन्सेली म्हणतात.

बालमित्रांनो, यात मांजराचा दोष नाही, दोष पिसवांचा. पिसवांची घाण मांजराच्या नखांत अडकते आणि ओरखड्यातून जंतू आपल्या अंगात शिरतो. मांजर स्वतः बहुधा ठणठणीत असतं. पिल्लांकडून धोका जास्त. ओरखड्याच्या जागी बारीक पुळी येते, ती कुणाच्या लक्षातही राहत नाही. एक ते तीन आठवड्यांनी काखेत, मानेत नाहीतर जांघेत गाठ सुजते. हाताला ती कॅन्सरच्या गाठीसारखीच लागते, म्हणून सुईची तपासणी टाळायची नाही. घरात मांजर आहे म्हणून गाठ साधीच, असंही नाही. बहुतेकांची गाठ दोन-चार महिन्यांत आपोआप बसते, काहींना अँटिबायोटिक देतात. वयस्कर माणसांत कधी गाठ न येता नुसता ताप रेंगाळतो, आणि जंतू हृदयाच्या झडपेवरही बसू शकतो. झडप आधीच खराब असलेल्यांनी ओरखडा झाल्याचं डॉक्टरांच्या कानावर घालावं.

आणि आपण इंडियातून आलो हेही सांगावं. आपल्याकडे जिला गंडमाळ म्हणत, ती मानेतली गाठ क्षयाची असते, आणि तीही अशीच फसवते.

हनुक्कापर्यंत मावशींची गाठ बसली. पिल्लांना खाणं अजून घालतात, पण लांबून, आणि हात साबणाने धुऊन मगच घरात. बांगड्या मात्र सगळ्यांकडून परत मागून घेतल्यात.