गोंदियाच्या दोन रुळांवरील डिझेलची कारकीर्द

कोळशाच्या इंजिनाला आपल्या वाङ्मयात आणि लोकांच्या स्मरणात जे मानाचे स्थान लाभले, त्याचा शतांशही डिझेलच्या इंजिनाच्या वाट्याला आला नाही. वाफेचे इंजिन गेले तेव्हा त्याच्यासाठी हळहळणारे पुष्कळ होते, विजेचे आले तेव्हा त्याच्या वेगाचे कौतुक करणारेही पुष्कळ निघाले. परंतु या दोहोंच्या मधल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्याने देशाचे पोलाद, कोळसा, धान्य आणि माणसे अहोरात्र वाहिली, ते डिझेल इंजिन कधी आले आणि कधी गेले याची दखल सामान्य प्रवाशाने क्वचितच घेतली. गोंदियासारख्या गावी, जेथे एकाच स्थानकात मोठी लाईन आणि छोटी लाईन दीर्घकाळ शेजारी नांदल्या, तेथे या मधल्या पिढीची कहाणी विशेष मनोरम आहे, आणि ती विस्मृतीत जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

गोंदियाचे आजचे रूप रेल्वेनेच घडविले. 1880 च्या दशकाच्या आरंभी नागपूरहून राजनांदगावपर्यंत सरकारी खर्चाने मीटरगेज मार्ग घालण्यात आला, त्याचे नाव नागपूर-छत्तीसगड रेल्वे. 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने हा मार्ग आपल्या ताब्यात घेऊन त्याचे रूपांतर ब्रॉडगेजमध्ये केले आणि तो बंगालच्या दिशेने पुढे नेला. याच मार्गावर आमगाव, सालेकसा ही स्थानके मागे टाकून गाडी दरेकशाच्या डोंगराळ रानात शिरते आणि बोगद्यातून छत्तीसगडच्या मुलखात उतरते. कोळशाच्या काळात त्या बोगद्यात खिडकी उघडी ठेवणाऱ्या प्रवाशाचे कपडे कोणत्या रंगाचे होत असतील, हे सांगावयास नको.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच कंपनीने गोंदियाहून उत्तरेस बालाघाट, नैनपूर या मार्गे जबलपूरपर्यंत आणि पाठोपाठ दक्षिणेस सौंदड, वडसा, नागभीड या बाजूने चांदा फोर्टकडे अडीच फूट रुंदीची नॅरोगेज लाईन टाकली. मोठ्या लाईनीच्या दोन रुळांतील अंतर साडेपाच फूट, छोटीचे अडीच. त्यामुळे बालाघाटकडून येणारे मँगनीज आणि सातपुड्याच्या रानातील माल गोंदियाला पोहोचला की तो छोट्या वाघिणीतून उतरवून मोठ्या वाघिणीत भरावा लागे. हे काम वर्षानुवर्षे मजुरांच्या डोक्यावरून आणि खांद्यावरून होत आले. भाताच्या गिरण्या आणि तेंदूपानाचा व्यापार या गावी भरभराटीस आला, त्यामागे या दोन लाईनींच्या संगमाचा मोठा हात आहे.

1944 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे सरकारजमा झाली आणि 1955 मध्ये तिच्यातून दक्षिण-पूर्व रेल्वे निर्माण झाली. नेमक्या याच सुमारास भिलाई आणि राउरकेला येथील पोलाद कारखान्यांचे काम सुरू झाले, आणि लोहखनिज व कोळसा वाहण्यासाठी अधिक शक्तीच्या इंजिनांची निकड भासू लागली. अमेरिकेतील अल्को कंपनीकडून 1957 पासून शंभर डिझेल इंजिने मागविण्यात आली. ती ‘डब्ल्यूडीएम-1’ या नावाने ओळखली जातात, आणि दक्षिण-पूर्व रेल्वेच्या खनिजवाहतुकीत ती राबली. या आद्याक्षरांचा अर्थ एकदा समजला की इंजिनाच्या अंगावरील लेख वाचण्यात मोठी गोडी वाटते. पहिले अक्षर रुळाच्या मापाचे: डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, वाय म्हणजे मीटरगेज, झेड म्हणजे अडीच फुटी नॅरोगेज. दुसरे इंधनाचे: डी म्हणजे डिझेल. तिसरे कामाचे: एम म्हणजे माल आणि प्रवासी दोन्ही ओढणारे, जी म्हणजे मालगाडीचे, पी म्हणजे प्रवासी गाडीचे, एस म्हणजे यार्डात डबे हलविणारे. शेवटचा आकडा पिढीचा.

खरे वैभव आले ते ‘डब्ल्यूडीएम-2’ या वर्गाने. त्याची पहिली इंजिने 1962 मध्ये अमेरिकेहून आली. पुढे वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात अमेरिकी सुटे भाग जोडून तयार झालेले पहिले इंजिन 3 जानेवारी 1964 रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले, आणि त्याचे नाव ‘कुंदन’ ठेवण्यात आले. सोळा सिलिंडरांचे, 2,600 अश्वशक्तीचे हे यंत्र पुढे अडीच हजारांहून अधिक संख्येने बनले. ज्या अल्को कंपनीने त्याचा आराखडा दिला, तिने 1969 मध्ये इंजिने बांधणे थांबविले. परंतु तिची ही संतती वाराणसीत त्यानंतरही कित्येक वर्षे जन्म घेत राहिली.

या इंजिनाविषयी एक समजूत सर्वत्र आढळते, की डिझेल जळते आणि त्या जोरावर चाके फिरतात. तसे प्रत्यक्षात होत नाही. मोठ्या लाईनीच्या या इंजिनांत डिझेल जाळून जनित्र फिरविले जाते, जनित्रातून निघालेली वीज आसांवर बसविलेल्या मोटरींना मिळते, आणि त्या मोटरी चाके फिरवितात. म्हणजे ते स्वतःचे वीजघर पाठीवर घेऊन फिरणारे विजेचेच इंजिन होय. गाडी सुटताना त्याच्या धुराड्यातून काळ्या धुराचा जो लोट उसळे, त्यालाही कारण आहे. सिलिंडरांत हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर धुराच्याच झोताने फिरतो. ड्रायव्हरने दांडा पुढे सारताच इंधन तत्काळ वाढते, परंतु टर्बोचार्जरला गती घ्यावयास काही क्षण लागतात, आणि तेवढ्या वेळात हवा कमी पडल्याने इंधन अर्धवट जळते. तो लोट ओसरून इंजिनाचा खर्जातील धडधडाट एका लयीत बसला, की जाणकाराला कळे की आता गाडीने जोर धरला. पाण्यासाठी आणि कोळशासाठी ठिकठिकाणी थांबणे संपले. आणि दोन इंजिने जोडून दोन्ही एकाच ड्रायव्हरच्या हाती देता येऊ लागली, जे वाफेच्या काळात शक्य नव्हते.

छोट्या लाईनीची गोष्ट निराळी. तेथे जर्मनीच्या माक कंपनीची इंजिने 1960 च्या दशकात आली, आणि पुढे चित्तरंजन कारखान्याने ‘झेडडीएम’ वर्गाची 700 अश्वशक्तीची इंजिने बांधली. त्यांत जनित्र आणि मोटरी नसून तेलाच्या प्रवाहातून शक्ती चाकांपर्यंत पोहोचविणारी रचना असे. वळणावळणाच्या, हलक्या रुळांच्या मार्गावर कमी वजनात पुरेसा जोर मिळविण्यासाठी ती उपयुक्त ठरली. जबलपूरच्या बाजूस याच इंजिनांनी ओढलेल्या गाडीला ‘सातपुडा एक्सप्रेस’ असे भारदस्त नाव होते, आणि नॅरोगेजवर एक्सप्रेस म्हणविणाऱ्या गाड्या देशात फारच थोड्या होत्या. तिची चाल मंद होती. परंतु साल, बांबू आणि मोहाच्या झाडांतून जाणाऱ्या त्या प्रवासाला घाई शोभलीच नसती.

मोठ्या लाईनीवरून जाणाऱ्या गाड्यांपैकी एकीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. 26 डिसेंबर 1977 रोजी मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना मुंबई-हावडा ‘गीतांजली एक्सप्रेस’ सुरू झाली. तिला वर्ग नव्हते, सर्व प्रवासी एकाच श्रेणीचे. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी घालण्याचा दंडवते यांचा निर्णय मला कोणत्याही मोठ्या योजनेइतकाच मोलाचा वाटतो. गोंदियाहून सुटणारी ‘महाराष्ट्र एक्सप्रेस’ तर नागपूर, भुसावळ, मनमाड, पुणे, मिरज अशी सुमारे साडेतेराशे किलोमीटरांची मजल मारून कोल्हापूरला जाते, आणि या साऱ्या प्रवासात महाराष्ट्राची हद्द ओलांडीत नाही.

1990 च्या आसपास दुर्ग-नागपूर मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि मोठ्या डिझेलचा अंमल तेथे आटोपला. छोटी लाईनही टप्प्याटप्प्याने उखडली गेली: 1990 च्या दशकात चांदा फोर्टची बाजू, 2005 च्या सुमारास गोंदिया-बालाघाट, 2015 मध्ये बालाघाटापलीकडील जबलपूरपर्यंतचा उरलेला भाग. नागपूर-नागभीडची नॅरोगेज तेवढी 2019 च्या नोव्हेंबरपर्यंत तग धरून होती. नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे, आणि गोंदियाकडील मुलांना ते एकदा आवर्जून दाखवावे.

तरीही डिझेल या मार्गावरून अगदीच गेले असे नाही. वादळात दरेकशाच्या रानात एखादे झाड तारेवर कोसळले की विजेची इंजिने जागच्या जागी थांबतात, आणि तार पुन्हा जोडण्यासाठी माणसे घेऊन जी टॉवर वॅगन रवाना होते, ती स्वतःच्या पोटातल्या डिझेलवर चालते.