फ्रेम एकीची, इंजिन दुसरीचं

नॉर्टन कंपनी आपल्या मँक्स मोटारसायकलचं इंजिन सुटं विकत नसे. १९५० च्या दशकात इंग्लंडात ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारी बांधणाऱ्यांना मात्र तेच इंजिन हवं असायचं. मग ते अख्खी मोटारसायकल विकत घेत, इंजिन काढून मोटारीत बसवत आणि उरलेली फ्रेम विकून टाकत. ती फ्रेम साधीसुधी नव्हती. बेलफास्टच्या मॅकँडलेस बंधूंनी आखलेली, दोन्ही अंगांनी नळीचा पुरा वेढा असलेली ‘फेदरबेड’. जेफ ड्यूकनं १९५० ची सीनियर टीटी शर्यत तिच्यावरच जिंकली. तिच्यात ट्रायम्फचं इंजिन घातलं की झाली ‘ट्रायटन’.

लालबागच्या एका गाळ्यात त्याच धाटणीची फ्रेम जिगवर आवळून ठेवली आहे. तिच्यात जायचंय जुन्या बुलेटचं इंजिन : ३४६ सीसी, बिडाचा सिलिंडर, ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक.

बुलेटच्या मूळ फ्रेमला इंजिनाखाली नळीच नाही. पुढची एकुलती नळी खाली उतरते आणि इंजिनाशी थांबते. तिथून मागचा भार क्रँककेस आणि तिच्या पाठीला बोल्टांनी जोडलेला गिअरबॉक्स वाहतो. म्हणजे आजवर जे इंजिन स्वतःच फ्रेमचा एक भाग होतं, ते आता दुसऱ्याच्या घरात राहायला येणार. त्याला धरून ठेवणार त्या दोन्ही बाजूंच्या फाउंडेशन प्लेटा. माझ्या मते अशा गाडीचं सगळं कसब त्या प्लेटांत आहे. टाकीच्या रंगाचं कौतुक फार होतं, प्लेटांकडे कुणी वाकून बघत नाही.

गाळ्यातले मिस्त्री काम सुरू करतात ते रिकाम्या क्रँककेसनं. आत क्रँक नाही, वर सिलिंडर हेड नुसतं टेकवलेलं. लाकडी पाचरी सरकवत ते इंजिन वर-खाली, मागे-पुढे करतात. खाली गेलं तर जमिनीला घासेल. वर गेलं तर हेड आणि वरच्या नळीमध्ये पाना फिरणार नाही आणि पुढे साध्या दुरुस्तीलाही अख्खं इंजिन उतरवावं लागेल. मग सरळपट्टी गिअरबॉक्सच्या आणि मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटला टेकते. दोन्ही एका रेषेत नसली तर दात एकाच अंगानं झिजतात आणि चेन लवकर जाते. इथं पाऊण तास कुणी बोलत नाही.

ही नजर गिरणीतली. मिस्त्री लेथ मशीन शिकले ते परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये, १९८२ च्या संपाआधी. रिंग फ्रेमची चाती मिनिटाला हजारो फेरे घेते. ती जराशी वाकडी असली की धागा तुटतो. गिरण्या गेल्या तरी हे ज्ञान गिरणगावात उरलं आहे, आणि ते पुढच्या कुणाच्या हाती जाणार याची मला खरोखर काळजी वाटते.

जागा ठरली की पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, मग त्यावरून सहा मिलिमीटरची पोलादी प्लेट. भोकं आधी थोडी बारीक पाडून रीमरनं मापावर आणतात. बोल्ट, बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवरून, बाकीचे सुटे भाग ऑपेरा हाउसच्या बाजारातून. मधले स्पेसर मात्र इथंच लेथवर उतरतात. हाताखालच्या मुलानं बोल्ट ठोकायला हातोडी उचलली तेव्हा मिस्त्री म्हणाले, “बोटानं गेला पाहिजे रे. हातोडी लागली म्हणजे भोक चुकलंय.” ठोकून बसवलेला बोल्ट नळीला कायमचा ताण देतो, त्यात एका सिलिंडरचे हादरे मिसळले की तडा वेल्डच्या कडेनंच जातो. त्या हादऱ्यांसाठी हेडपासून वरच्या नळीपर्यंत एक आडपट्टीही लागते.

प्लेटा ज्यांना बोल्टांनी जोडायच्या ते फ्रेमवरचे कान वेल्ड करताना क्रँककेस जागेवर आवळलेली असते. आधी नुसते टाके, एक डावीकडे, मग एक उजवीकडे, कारण उष्णता नळीला ओढते. प्रत्येक टाक्यानंतर बोल्ट पुन्हा बोटानं फिरवून बघायचा.

खास फ्रेमचं मोल कारखान्यालाही पटलेलं आहे. बुलेट बनवणाऱ्या रॉयल एनफिल्डनं २०१३ च्या कॉन्टिनेंटल जीटीची फ्रेम इंग्लंडच्या हॅरिस परफॉर्मन्सकडून आखून घेतली आणि २०१५ मध्ये ती संस्थाच विकत घेतली.

लालबागची ही गाडी मात्र रस्त्यावर येणार नाही. टेम्पोतून बंद ट्रॅकवर जाईल, तिथंच धावेल. गाडीची ओळख फ्रेमवर कोरलेल्या चासी नंबरात असते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल मान्य करत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. कान फाडणारे सायलेन्सर लावून फिरणाऱ्यांना आवर हवाच. पण ब्रिटनमध्ये अशा एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्याची परवानगी देण्याची सोय आहे. तशी ताडदेवच्या आरटीओतही व्हायला हवी. वेल्ड बघा, ब्रेक बघा, चाकांची रेषा मोजा, कमी पडलं तर परत पाठवा. मिस्त्रींची त्याला ना नाही. ते म्हणतात, “साहेबांनी स्वतः बोल्ट काढून बघावा.”