ग्वालिया (पश्चिम ऑस्ट्रेलिया)

ग्वालिया हे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यातील सोन्याच्या खाणीचे एक बहुतांशी निर्जन गाव आहे. लिओनोरा या गावाच्या दक्षिणेस सुमारे ४ किलोमीटरवर ते वसले आहे. राज्याची राजधानी पर्थ येथून रस्त्याने ते सुमारे ८३० किलोमीटर, तर कालगुर्ली शहरापासून उत्तरेस सुमारे २३० किलोमीटर अंतरावर आहे. ‘ग्वालिया’ हे वेल्स देशाचे जुने काव्यमय नाव होय. मुंबईतील गवालिया तलावाशी असलेले साम्य केवळ उच्चारापुरते आहे. डिसेंबर १९६३ मध्ये खाण बंद पडल्यावर काही आठवड्यांतच गाव ओस पडले. जमिनीतील सोने मात्र संपले नव्हते. आज गावाच्या कडेला खाणकाम पुन्हा सुरू आहे, पण गाव पूर्वीसारखे वसलेले नाही.

परिसर

हा प्रदेश ‘आउटबॅक’ म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, विरळ वस्तीच्या अंतर्भागात मोडतो. वर्षाचा सरासरी पाऊस २५० मिलिमीटरपेक्षा कमी असून उन्हाळ्यात (डिसेंबर ते फेब्रुवारी) तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. लाल माती, खारट पाण्याची उथळ सरोवरे आणि बाभळीच्या कुळातील मुल्गा ही झाडे सर्वत्र आढळतात. युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून येथे आदिवासी समूहांचे वास्तव्य आहे. इ.स. १८६९ मध्ये जॉन फॉरेस्ट याने या भागाचा शोध घेतला आणि येथील एका टेकडीस माउंट लिओनोरा हे नाव दिले.

इतिहास

इ.स. १८९६ मध्ये कार्लसन, व्हाइट आणि ग्लेनडिनिंग या तीन शोधकांना येथे सोन्याची शिरा सापडली. त्यांच्या शोधमोहिमेला कूलगार्डी येथील टोबायस या वेल्श दुकानदाराने पैसा पुरवला होता. त्याच्या सन्मानार्थ खाणीला ‘सन्स ऑफ ग्वालिया’, म्हणजे ‘ग्वालियाचे सुपुत्र’, असे नाव देण्यात आले. पुढे ती लंडनच्या बेविक, मोरिंग या कंपनीच्या व्यवस्थापनाखाली आली. कंपनीने १८९८ मध्ये हर्बर्ट हूवर या अवघ्या २३ वर्षांच्या अमेरिकी अभियंत्याला व्यवस्थापक नेमले. हाच हूवर पुढे १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता.

हूवर ग्वालियात काही महिनेच होता, परंतु त्याच्या धोरणाचा ठसा गावावर कायम राहिला. खर्च कमी करणे आणि कामगार संघटनांचा जोर मोडणे या हेतूने त्याने इटालियन कामगारांना मोठ्या प्रमाणावर कामावर घेतले. नंतर युगोस्लाव्हियातूनही स्थलांतरित आले. काही जण जमिनीखाली उतरत, तर काही जण बाष्पयंत्रांसाठी मुल्गाची लाकडे तोडत. जवळची झाडे संपली, तसतसे लाकूड अधिकाधिक दुरून अरुंद रुळांच्या गाड्यांनी आणावे लागे.

इ.स. १९०३ मध्ये येथे राज्य सरकारने स्वतःचे हॉटेल उघडले. चोरट्या दारूविक्रीला आळा घालणे हा त्यामागचा एक हेतू होता. ग्वालिया आणि लिओनोरा यांच्या दरम्यान काही वर्षे ट्रामही धावत होती. एवढ्या दूरच्या ठिकाणी ट्राम असणे हे त्या काळच्या भरभराटीचे लक्षण मानावे लागेल. १९२१ मधील आगीने यंत्रसामग्रीचे मोठे नुकसान झाले, तरी खाण सावरली. बंद होईपर्यंत तिच्यातून २६ लाख औंसांहून अधिक, म्हणजे ८० टनांहून अधिक सोने निघाले.

बंद पडणे आणि पुनरारंभ

१९३४ पासून सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ अमेरिकी डॉलर असा बांधलेला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरी आणि साहित्याच्या किमती वाढत गेल्या. शिवाय काम सुमारे एक किलोमीटर खोलीपर्यंत गेल्यामुळे दगड वर आणण्याचा खर्चही वाढला. २८ डिसेंबर १९६३ रोजी खाण बंद करण्यात आली. हजाराहून अधिक वस्तीच्या गावाला दुसरा कोणताच उद्योग नव्हता. सुमारे तीन आठवड्यांत जेमतेम काही डझन माणसे उरली. अनेकांनी घरातील सामान जागीच सोडले.

१९७१ नंतर सोन्याचा भाव खुला होऊन चढत गेला आणि कमी प्रतीचे धातुकही परवडू लागले. १९८० च्या दशकात नव्या कंपनीने आधी जुन्या गाळाचे ढिगारे पुन्हा प्रक्रिया करून त्यांतील सोने काढले, नंतर उघडी खाण खोदली. ती कंपनी २००४ मध्ये कोसळली. त्यानंतर सेंट बार्बरा आणि २०२३ पासून जेनेसिस मिनरल्स या कंपन्यांकडे खाणीची मालकी आली. आता दीड किलोमीटरहून अधिक खोलीवरून उतरत्या बोगद्यातून ट्रकने दगड वर आणला जातो. या भागातील खाणींचे अनेक कर्मचारी विमानाने येतात, ठरावीक दिवस काम करून परततात. त्यामुळे खाणीच्या भरभराटीबरोबर गाव वसण्याचा जुना क्रम येथे पुन्हा घडला नाही.

अवशेष

कामगारांची घरे लाकडी सांगाडा, पन्हळी पत्रे आणि आतून लावलेले गोणपाट यांची होती. उन्हाळ्यात अशा घरांत राहणे किती कठीण असेल, याची कल्पना आजही आत शिरताच येते. स्थलांतरित कुटुंबांनी हाती लागेल त्या साहित्याने खोल्या जोडत नेल्या. यांतील अनेक घरे, एक दुकान आणि एक खाणावळ-वजा अतिथीगृह यांची डागडुजी करण्यात आली आहे. टेकडीवर व्यवस्थापकाचे प्रशस्त घर आहे. त्याचा आराखडा हूवरने केला असला, तरी ते पूर्ण होण्यापूर्वीच तो चीनला गेला. आता ‘हूवर हाऊस’ या नावाने तेथे पर्यटकांची राहण्याची सोय होते, आणि त्याच्या अंगणातून उघड्या खाणीचा प्रचंड खड्डा दिसतो. जवळच खाणीच्या तिरक्या शाफ्टवरील जुना लाकडी मनोरा आणि दोर गुंडाळून दगडाचे डबे वर ओढणारे बाष्पयंत्र जतन केलेले आहे. उघडी खाण वाढत गेल्याने हा मनोरा मूळ जागेवरून हलवावा लागला.

पर्यटन

पर्थहून कालगुर्लीपर्यंत रेल्वे आहे. पुढे गोल्डफील्ड्स महामार्गाने मेन्झीसमार्गे जावे लागते. भेटीस मे ते सप्टेंबर हा काळ सोयीचा असतो. पुरेसे पाणी आणि इंधन सोबत ठेवणे आवश्यक असून संध्याकाळनंतर कांगारूंमुळे वाहन चालवणे धोक्याचे ठरते. जुने उघडे शाफ्ट परिसरात जागोजागी आहेत. सोने शोधण्यासाठी ‘मायनर्स राइट’ हा परवाना लागतो.

मेन्झीसच्या पश्चिमेस सुमारे ५० किलोमीटरवर बॅलार्ड हे खारट सरोवर आहे. ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मली याने २००३ मध्ये त्याच्या पृष्ठभागावर ५१ धातुशिल्पे उभारली. मेन्झीसच्या रहिवाशांच्या शरीरांचे संगणकीय मापन करून ती घडवली आहेत. लिओनोराच्या पूर्वेस सुमारे १२० किलोमीटरवर लॅव्हर्टन असून तेथून उलुरूकडे जाणारा ग्रेट सेंट्रल रोड सुरू होतो. हा मार्ग आदिवासींच्या भूमीतून जात असल्याने प्रवासापूर्वी परवाना घ्यावा लागतो.